मिरचीच्या पथारीवरचा मॉल

आम्ही गाव सोडलं तेव्हा कोणी रडलं नाही. सोडतोय हे कुणाला ठाऊकच नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती, मका घरात आला होता, आणि दर वर्षीसारखी मोलगीच्या बाजारातून जीप भरली होती. आत बाया, टपावर आम्ही गडी, मागच्या दांडीला आणखी तिघं लटकलेले. नंदुरबारला मिरचीच्या कामाला जायचं आणि होळीला परत यायचं, एवढंच. माझी बायको जात्री टोपलीत कोंबडी घेऊन बसली. ड्रायव्हर ओरडला, "कोंबडीला जागा नाही." ती म्हणाली, "तिला जागा नको, ती माझ्या मांडीवर बसते. तुझ्या मांडीवर कोण बसतं ते तू बघ." सगळी जीप हसली. टपावर मला ऐकू आलं. नवीन लग्न होतं, मला बरं वाटलं.

आई बाजारापर्यंत आली होती. म्हणाली, "होळीच्या आधी ये. ढोल बांधायला माणूस लागतो." बापाने घरातूनच सांगितलं होतं, "खालचं पाणी बघून पी." झालं. एवढ्यावर आम्ही निघालो.

त्याला पस्तीस वर्षं झाली.

तुम्ही जे वर डोंगरात राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे खाली उतरलात, दोघांना हे लिहितो. मी चौथीपर्यंत आश्रमशाळेत होतो, तेवढंच लिहिणं येतं. जात्री या उन्हाळ्यात वारली. ती वारली तेव्हा वर तिला चोर म्हणत होते. ती चोर नव्हती. चोर का म्हणाले ते सांगायचं तर मला मॉलची सगळी गोष्ट सांगावी लागते, कारण ते तिथंच झालं.

मॉल आहे तिथं आधी पथारी होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावाबाहेर मोठं मैदान, ओली लाल मिरची आणून त्यावर पसरायची आणि उन्हात वाळवायची. नजर पोचेल तिथपर्यंत लाल. बाया ओळीने बसून देठ खुडायच्या, आम्ही मिरची उलटीपालटी करायचो, पोती भरायचो. पहिले आठ दिवस शिंका थांबत नाहीत. हात असे भाजतात की रात्रीची भाकरसुद्धा दुसऱ्याने भरवावी लागते. जात्री हाताला तेल चोळायची आणि म्हणायची, "आता तुला चापट मारली तर आठ दिवस झोंबेल, नीट वाग."

पथारीच्या शेठचा एक रिवाज होता. हंगाम संपला, पोती उचलली, की मैदानावर तुटकी, फुटकी, मातीत रुतलेली मिरची राहायची. शेठ खाटेवर बसून बायांना सांगायचा, "जे खाले पडनं, ते तुमनं." मग बाया मैदान वेचायच्या. आमच्या डोंगरातही हेच आहे. शेत कापून झालं की मागे पडलेली कणसं ज्याने वेचली त्याची. त्याला सरवा म्हणतात. सरवा वेचणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि पडलेला दाणा तुडवत गेलं तर म्हातारे शिव्या देतात. जात्री म्हणायची, "शेठ वाण्याचा आहे पण अक्कल आपली आहे त्याला."

पहिल्या होळीला आम्ही परत गेलो. ढोल मीच बांधला. दुसऱ्या वर्षी शेठने पथारीच्या कोपऱ्यात झोपडी दिली आणि म्हणाला बारा महिने राहा, राखण कर. आम्हाला मूल झालं नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. पण मूल नसलं की एका जागी राहायलाही कारण लागत नाही आणि निघायलाही लागत नाही. आम्ही राहिलो. होळीला मात्र दर वर्षी जीप पकडून वर जायचो. जात्री महिना आधीपासून पिशवी भरायची. भावाला टॉवेल, भावजयीला बांगड्या, पोरांना शेव. तिचा भाऊ वेस्ता गावात मोठा माणूस, भांडण झालं तर लोक त्याच्याकडे जातात. तो बहिणीला बघायला जीपच्या रस्त्यापर्यंत उतरून यायचा आणि पहिलं वाक्य दर वर्षी तेच, "वाळलीस. खालचे लोक खायला देत नाहीत का?" ती म्हणायची, "देतात. हाच सगळं खातो," आणि माझ्याकडे बोट दाखवायची.

मग शेठ गेला. पोरगा शिकलेला होता. त्याने मिरची बंद केली आणि पथारीवर मॉल बांधायला घेतला. मी स्वतः त्याच्या पायाच्या खड्ड्यात उतरलो आहे. गज वाहिले, खडी वाहिली. जात्रीने पाट्या उचलल्या. खणताना खालची माती लाल निघायची, वरची तर सगळीच मिरची झालेली. मशीनवाला शिंकून शिंकून हैराण. आम्ही हसायचो. दीड-दोन वर्षं लागली. शेवटी काच लागली तेव्हा जात्री बराच वेळ काचेत बघत उभी राहिली. मी म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, "आपली झोपडी कुठं होती ते शोधते." झोपडीच्या जागी बुटांचं दुकान आलं होतं.

मॉल चालू झाला तेव्हा जत्रा होती. बँड लावला होता. शहादा, तळोदा, धडगाव, कुठून कुठून माणसं आली. एक म्हातारा सरकत्या जिन्यावर उकिडवा बसला आणि वर पोचल्यावर उठेना, म्हणे आणखी पुढे जायचंय. खाली मोठं किराणा दुकान, त्यात धान्य उघड्या पेट्यांत, ज्याने त्याने स्वतः भरून घ्यायचं. मधल्या मजल्यावर कपडे. सगळ्यात वर पिझ्झा आणि पोरांचे खेळ. मोलगीचे लोक काही घ्यायचे नाहीत, एसीत बसायचे आणि जीप धरून परत जायचे. त्यांना हाकलायचं काम माझं होतं. मला वॉचमन केलं होतं, निळा युनिफॉर्म, शिट्टी. जात्री सफाईत. आमच्याच गावची सायजा तिच्यासोबत. मी पहिल्यांदा युनिफॉर्म घातला तेव्हा जात्री सायजाला म्हणाली, "बघ, माझा नवरा आता दरवाज्याचा नवरा झाला. दरवाजा म्हणेल तसं उठणार, बसणार."

तिने चेष्टेत म्हटलं. पण तसंच झालं.

आता ते लिहितो.

किराणा दुकानात तांदळाच्या पेटीखाली रोज मूठ-दोन मूठ सांडायचं. लोक घाईत भरतात, पोरं हात घालतात. नियम असा की जमिनीवर पडलं ते झाडून कचऱ्यात टाकायचं. जात्री झाडायची, पण आधी हाताने तांदूळ वेगळा करायची आणि फडक्यात बांधायची. आठवड्याचा एक दिवस घरी भात व्हायचा. मी पहिल्यांदा विचारलं, हा तांदूळ कुठला? ती म्हणाली, "सरवा." मी जेवलो. वर्षभर जेवलो. चांगला तांदूळ होता, बारीक, वासाचा. तिच्या डोक्यात जागा तीच होती, पथारीची, आणि शेठचं बोलणंही तेच होतं. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तेच होतं. आम्हा दोघांनाही त्यात चोरी दिसली नाही.

मागच्या फाटकावर कामगारांच्या पिशव्या मीच बघायचो. जात्रीची पिशवी उघडायचो नाही, वरून हात लावायचो आणि सोडायचो. एक दिवस संध्याकाळी पाळी सुटताना नवीन सुपरवायझर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तापीकाठचा माणूस, वाईट नव्हता, पण नवीन होता आणि आपण किती कडक आहोत ते वरच्यांना दाखवायचं होतं. जात्री आली. तो म्हणाला, "उघड." मी उघडली. फडकं निघालं.

"हाई काय शे वं?" त्याने तिला विचारलं.

"सरवा," ती म्हणाली. सरळ म्हणाली. लपवायचं काय त्यात.

त्याला शब्द कळला असेल, त्याच्याही शेतात तेच म्हणतात. पण त्याने फडकं वर धरलं, सगळ्यांना दाखवलं, आणि माझ्याकडे वळला. "तुले माहीत व्हतं का, बाबा?"

मागे रांग होती. सायजा होती. जात्री माझ्याकडे बघत होती, घाबरलेली नाही, तिला वाटत होतं आता हा सांगेल आणि विषय संपेल.

मी म्हटलं, "नाही."

एवढाच शब्द. जात्री मान खाली घालणारी बाई नव्हती, पण ते ऐकून तिने घातली. तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. रजिस्टरात चोरी लिहिलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी युनिफॉर्म घालून फाटकावर उभा राहिलो.

त्या संध्याकाळी ती मक्याची भाकर करत होती. मी घरात आलो. मला वाटलं ओरडेल, ताट फेकेल, फेकायला हवं होतं. तिने ताट समोर ठेवलं आणि विचारलं, "तांदूळ गोड होता ना?" मी खाली बघून खाल्लं. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. ज्याला भांडून मोकळं होता येतं तो नशीबवान. तिने मला ते सुख दिलं नाही.

सायजा पुढच्या बाजाराला वर गेली आणि बोलली. तिचाही दोष धरत नाही, तिने जे पाहिलं ते सांगितलं. नवऱ्यानेच पकडलं म्हणाली. आमच्या डोंगरात घराला कुलूप नसतं, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं चोर हा शब्द दुसऱ्या कुठल्याही शब्दापेक्षा जड. वेस्ताला लोकांनी तोंडावर विचारलं, तुझ्याकडे न्याय मागायला आम्ही येतो, तुझी बहीण काय करते? होळीच्या आधी निरोप आला, या वर्षी येऊ नका.

जात्रीने भरलेली पिशवी तशीच खुंटीला टांगली. मी म्हटलं, जाऊन सांग ना भावाला खरं काय ते. ती म्हणाली, "खरं सांगितलं तर तुझं सांगावं लागेल." पुढची दहा वर्षं ती डोंगर चढली नाही.

मी चढलो. बाप वारला तेव्हा एकटा गेलो. वेस्ताने मला बाजूला घेतलं, महूच्या झाडाखाली, आणि विचारलं, "खरं का ते?" मी म्हटलं, "सोड ना, झालं गेलं." म्हणजे दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी रांग होती, सुपरवायझर होता, घाबरलो म्हणता येईल. दुसऱ्या वेळी आम्ही दोघंच होतो. त्याला मी काय नाव देऊ?

मॉलचं पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंच. दोन-तीन वर्षांत नवल संपलं. पिझ्झावाला गेला. सरकता जिना बंद पडला तो दुरुस्त झालाच नाही, लोक त्यावरून पायाने चढायचे. मग लॉकडाऊन. सगळी शटरं खाली, आत मी आणि कबुतरं. किराणा दुकानवाल्यांनी सामान गाड्यांत भरून नेलं. नंतर माणसं मोबाइलवर मागवायला लागली, पोरं मोटारसायकलवर खोकी घेऊन मॉलच्या दारावरून जायची, आत कोणी वळायचं नाही. कपड्यांच्या मजल्यावर पोलीस भरतीचा क्लास आला, तोही गेला. एसी तर कधीच बंद होता. ज्या सुपरवायझरने पिशवी उघडायला लावली तो सुरतेला दुसऱ्या कामाला लागला, जाताना मला भेटून गेला, म्हणाला, "बाबा, त्या बाईचं मनाला लागलं होतं हो माझ्या." ती बाई माझी बायको होती हे त्याला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो खुर्चीवर बसला.

यंदा वैशाखात जात्रीला ताप आला. आधीच साखर होती. सरकारी दवाखान्यात नऊ दिवस होती. पहिल्या दिवसापासून म्हणत होती वेस्ताला बोलाव. मी फोन लावला. वेस्ता म्हणाला, "आमच्याकडून कोणी येणार नाही," आणि ठेवून दिला. मी तिला सांगितलं जीप मिळाली नसेल, घाटात दरड असेल. उन्हाळ्यात कसली दरड! तिलाही कळत होतं. तरी वॉर्डाचं दार उघडलं की ती बघायची. दरवेळी बघायची. कोणाचा मुलगा, कोणाची सून, नर्स, सगळ्यांना बघायची आणि परत डोळे मिटायची.

आठव्या दिवशी तिने माझा हात धरला. म्हणाली, "मी गेल्यावरही त्याला काही सांगू नको हं. तुला इथं कोण आहे? म्हातारा झालास. वर जा. तुझं वर काही बिघडलेलं नाही."

माझं काही बिघडलेलं नाही. हे तिने दहा वर्षं जपलं होतं. मला परत जाता यावं म्हणून स्वतः चोर राहिली होती. मी वॉर्डात मोठ्याने रडलो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, रडू नको, बरी होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी जात्री गेली.

नंदुरबारलाच अग्नी दिला. खांदा द्यायला मॉलचे जुने तीन वॉचमन आणि मी. आपल्याकडे बाई गेली की माहेरचं लुगडं भावाने घालायचं असतं. ते नसेल तर ती उघडी गेली असं म्हणतात. तिच्या अंगावर दुकानातून आणलेलं पांढरं कापड होतं. त्यावर दुकानाचा शिक्का होता. मी तो कोपरा आत दुमडला.

राख मडक्यात ठेवली. दोन महिने ते मडकं कोपऱ्यात होतं. मी रोज ठरवायचो आणि रोज तिचं बोलणं आठवायचो, सांगू नको. शेवटी मी तिचं ऐकलं नाही. आयुष्यात एकदा तिच्या विरुद्ध जाऊन तिच्या बाजूने उभं राहायचं होतं.

मोलगीच्या बाजाराच्या दिवशी गेलो. वेस्ता मिठाच्या दुकानापाशी चार माणसांत बसला होता. एकट्यात सांगितलं असतं तर सोपं होतं. पण फाटकावर मी लोकांसमोर बोललो होतो, म्हणून इथेही लोकांसमोरच बोललो. तांदूळ काय होता ते सांगितलं. मी वर्षभर तो खाल्ला ते सांगितलं. "नाही" म्हटलं ते सांगितलं. महूच्या झाडाखाली पुन्हा खोटं वागलो तेही सांगितलं. ती दवाखान्यात दाराकडे बघत होती तेही सांगितलं.

वेस्ताने मारलं नाही. मारायची वाट बघत मी उभा होतो. सत्तरीचा माणूस तो. तो म्हणाला, "मला वाटलं लाजली म्हणून येत नाही. ती तुला झाकत होती." मग मला नाही, बसलेल्या माणसांना विचारलं, "पडलेला दाणा वेचला तर आपण काय म्हणतो?" एक म्हातारी भाजी विकत होती, ती म्हणाली, "पुण्य म्हणतो, दुसरं काय?"

वेस्ता उठला आणि माझ्या हातातून मडकं घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं. म्हणाला, "लुगडं मी घालीन. सगळ्या पाड्यांना बोलावीन. तिच्या नावाचा दगड माझ्या शेतात उभा करीन. तू त्या दिवशी येऊ नको. नंतरही येऊ नको."

मी म्हटलं, "बरं."

मी जीप धरून खाली आलो. मला राग नाही. दहा वर्षं जात्रीला जे मिळालं ते आता मला मिळालं, आणि मला कारणाने मिळालं.

वर तिचा दगड उभा करायचा होता त्या दिवशी मी अंघोळ केली, उपास धरला, आणि मॉलच्या मागच्या भिंतीला टेकून डोंगराकडे तोंड करून बसून राहिलो. मॉलला आता कुलूप आहे, पाडणार म्हणतात. दुसऱ्या दिवशी सायजा आली. ती वर त्या कार्याला गेली होती. आधी दारातच उभी राहिली, मग आत येऊन बसली आणि रडून म्हणाली, "मीच पसरवलं रे, भाऊ." मी म्हटलं, तू पाहिलं तेच बोललीस, खोटं मी बोललो, तू तिथलं सांग. तिने सांगितलं. अकरा पाड्यांचे लोक आले होते. ढोल होते. वेस्ताने जात्रीचं नाव मोठ्याने घेतलं आणि म्हणाला, माझी बहीण स्वच्छ होती, ज्याला बोलायचं त्याने आता बोलावं. कोणी बोललं नाही. मग त्याने दगडाला लुगडं घातलं.

"रंग?" मी विचारलं.

"हिरवा. लाल काठ. नऊवारी, पूर्ण. दगड लहान पडला त्याला, वेस्ता गुंडाळतच राहिला."

लोक म्हणतात, जिथं वाढलो ते घर. काही म्हणतात, जिथं पोट भरतं ते घर. मी दोन्हीकडे राहिलो, मला दोन्ही पटत नाही. डोंगर मला इथून पावसाळ्यानंतर स्वच्छ हवेत दिसतो, तिकडे जायचा रस्ता माहीत आहे, जीपची वेळ माहीत आहे. जाणार नाही. पण त्या रस्त्याच्या टोकाला माझं कोणी नाही असंही आता नाही.

परवा दवाखान्यात गोळ्या आणायला रिक्षाने गेलो. रिक्षावाला बोलका होता. माझं बोलणं ऐकून डोंगरातला आहे हे त्याने ओळखलं. "बाबा, गावले कोन शे तुमनं?" त्याने विचारलं.

"बायको शे," मी म्हटलं.